उजवा पाय

श्यामकांत रणनवरे बाल्कनीत बसून चिंचेने पितळी घंगाळाचा काठ घासत होते, तेव्हा चर्चच्या पाळकांचा फोन आला. पाळक म्हणाले, "सर, यंदा तुम्ही पाय धुवायचे नाहीत. यंदा तुम्ही बाराजणांत बसायचं." एवढंच. पुढे त्यांनी ऑपरेशनची चौकशी केली, गुडघ्यांची केली, "बिल्कुल टेन्शन घेऊ नका, आराम करा," असंही म्हटलं, पण ते श्यामकांतांच्या कानात शिरलं नाही. "मग धुणार कोण?" त्यांनी विचारलं आणि विचारण्याआधी घसा साफ केला, आवाज सहज वाटावा म्हणून. "उल्हास भांबळ. आधी नको नको म्हणत होते बिचारे. मी म्हटलं, सरांचीच परंपरा चालवायची आहे." "उत्तम," श्यामकांत म्हणाले, "फार उत्तम. प्रभूची इच्छा." फोन ठेवून त्यांनी पुन्हा चिंच उचलली आणि जिथे आधीच लख्ख झालं होतं तिथेच घासत राहिले. विमानतळाकडे उतरणारं एक विमान सोसायटीवरून इतकं खालून गेलं की त्याची चाकं दिसली. खाली फाटकावर गार्ड कुणाच्या तरी ड्रायव्हरशी हिंदीत भांडत होता. प्रभूची इच्छा, असं आपण म्हणालो खरं, पण ती पाळकांची इच्छा होती आणि त्यामागे नक्की उल्हासची होती, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. नको नको म्हणे. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत त्यांना चांगली ठाऊक होती. चर्चच्या कमिटीने पाय धुवायला पहिल्यांदा विचारलं तेव्हा तेही असंच नको नको म्हणाले होते.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी पाय धुण्याचा विधी करते. मरणाच्या आदल्या संध्याकाळी प्रभूने कमरेला रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. मंडळी म्हणजे सगळी मिळून चाळीस-पन्नास डोकी. सरकारी बाबू, दोन-चार फौजी कुटुंबं, हॉस्पिटलांतल्या नर्सा, गाझियाबादहून मेट्रो बदलत येणारे इंजिनियर. मध्य दिल्लीतल्या एका जुन्या चर्चमध्ये हिंदी उपासनेच्या आधी दीड तास त्यांना जागा मिळते. हा विधी इथे सुरू केला श्यामकांतांनी आणि त्याचे नियमही त्यांनीच बांधले. हयात मंत्रालयात गेली होती, नियमाशिवाय त्यांना प्रार्थनाही सुचत नसे. शिष्य बारा होते, म्हणून बारा माणसं. शिष्य पुरुष होते, म्हणून बाराही पुरुष. एका वर्षी पुरुष अकराच भरले तर अकरांवर भागवलं, पण बाईला बसवलं नाही. हिंदीवाले बाहेर ताटकळतात, म्हणून एकच पाय, तोही उजवा. आणि प्रत्येकाने घरून पाय साबणाने स्वच्छ धुऊन यावं. त्यामुळे घंगाळात उतरणारे पाय इतके स्वच्छ असत की धुतल्यावर ते पाणी कुणी प्यायलं असतं तरी चाललं असतं. पाय धुवायला मात्र नेहमी श्यामकांतच. निवृत्त अवर सचिव कमरेला टॉवेल गुंडाळून फरशीवर गुडघे टेकायचा, आणि मागच्या बाकांवरून कुजबुज यायची, एवढा मोठा माणूस, बघा. ती कुजबुज त्यांना ऐकू येत असे. देवासमोर वाकताना त्यांचा एक कान नेहमी मागे असे.

"काय म्हणत होते पाळक?" कुमुदने आतून विचारलं. त्यांनी सांगितलं. ती बाहेर आली, ओल्या हाताने घंगाळ उचलून तिने उजेडात धरलं आणि म्हणाली, "मग हे कशाला घासत बसलात? उल्हास घासेल." त्यांच्या बायकोचं बोलणं असंच होतं, चिमटा काढला की नाही ते कळायचं नाही पण वळ उठायचा. "घंगाळ माझ्या आईचं आहे," ते म्हणाले. "अच्छा. मग बसणार आहात ना खुर्चीवर?" "बघू." "लाज वाटते का पाय दाखवायची?" "लाज कसली?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मोजा वर ओढला. उजव्या पायाची दोन बोटं दिवाळीनंतर कापावी लागली होती. साखर. करंगळी आणि तिच्या शेजारचं. तेव्हापासून त्यांनी तो पाय कुणाला दाखवला नव्हता. पाहुणे आले की मोजा, बागेत फिरायला मोजा, दिल्लीच्या एप्रिलमध्येही मोजा. कुमुदने पाहिला होता, पण कुमुदने पाहिलेलं त्यांनी कधी पाहण्यात धरलंच नाही. सकाळ-संध्याकाळ ती निळ्या प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी आणायची, पाय धुऊन कोरडा करायची, प्रत्येक बोटाच्या बेचक्यात कापूस फिरवायची, मलम लावायची, आणि ते तेवढ्या वेळात वर्तमानपत्र वाचत.

जावं की न जावं? नाही गेलो तर म्हणतील, रुसले. खुर्ची दिली तर पाहिजे होतं घंगाळ. गेलो तर सगळ्यांसमोर, उल्हाससमोर, तो पाय. बुधवारची सगळी दुपार ते या दोन टोकांमध्ये येरझारा घालत राहिले. नम्रता हीच तर त्यांची ओळख होती. निरोप समारंभात सेक्रेटरी म्हणाला होता, रणनवरे जी जैसा विनम्र आदमी मैंने नहीं देखा. ती गेली तर काय उरत होतं? साखर असलेला एक म्हातारा आणि त्याचा दिल्लीच्या द्वारका वस्तीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि वाईट कशाचं वाटतंय ते दिसल्यावर आणखीच वाईट वाटलं. माणसाची संपत्ती जावी, अब्रू जावी, ते समजतं. पण नम्रता हिसकावून घेतली म्हणून कोणी चिडतं का? आणि ते चिडले होते. उल्हास त्यांच्याच सेक्शनमध्ये असिस्टंट म्हणून लागला, मंडळीत त्याला आणलं त्यांनी, प्रार्थना म्हणायला उभं केलं त्यांनी. सर, तुमच्याकडूनच शिकायचं, असं म्हणत म्हणत गड्याने शिकून घेतलं.

त्यांच्या घरात पाय धुण्याची एक गोष्ट होती. वडील ती प्रत्येक उत्तम शुक्रवारी सांगत. आजा नगरकडच्या एका खेड्यात गावकुसाबाहेर राहणारा. त्याने रस्त्याच्या कोणत्या कडेने चालायचं हे गावाने ठरवलेलं. बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी मिशनच्या आवारात गोऱ्या साहेबाने खाली बसून आज्याचे पाय धुतले. धुळीने भरलेले, भेगांचे, कुणी शिवायचे नाहीत असे पाय. गाव महिनाभर तेच बोलत होता. वडील इथपर्यंत आले की त्यांचा गळा भरून यायचा. लहानपणी श्यामकांतांना ही गोष्ट फार आवडायची, पण गोष्टीत ते स्वतःला कुठे बसवत होते हे त्यांना आज, हातात चिंचेचा चोथा घेऊन, पहिल्यांदा कळलं. ते आजा नव्हते. ते साहेब होते. पहिल्यापासून साहेबच होते. वाकणं दोन तऱ्हेचं असतं. एक वाकायला लावतात ते, आणि ते त्यांनीही केलं होतं. मराठी मंडळाबरोबर पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला गेले होते तेव्हा बसमध्ये शेजारी बसलेले गृहस्थ आडनाव ऐकून, मग धर्म ऐकून म्हणाले होते, "ख्रिश्चन? वाटत नाही हो तुम्ही," आणि श्यामकांत हसून "हो ना," म्हणाले होते, वाटभर हसत राहिले होते. दुसरं वाकणं वरून खाली येतं. त्यात सुख असतं, कारण आपण किती वरून आलो ते सगळ्यांना दिसतं. वडील एक वाक्य मात्र गोष्टीच्या शेवटी, गळा मोकळा झाल्यावर, उगाच सांगितल्यासारखं सांगायचे. आज्याला नंतर कुणीतरी विचारलं, कसं वाटलं रे? तर आजा म्हणाला, "साहेबाने वर बघितलंच नाही. पायाकडंच बघत व्हता." या वाक्याचं काय करायचं हे वडिलांना कधी कळलं नव्हतं आणि श्यामकांतांनी तर ते साक्ष देताना नेहमी गाळलं होतं.

साक्ष देणं हा विधीचा शेवटचा भाग. पाय धुऊन झाले की धुणाऱ्याने उभं राहून चार शब्द सांगायचे, प्रभूने आज मला काय दाखवलं ते. श्यामकांतांची साक्ष ऐकण्यासारखी असे. मी कोण, एक माती, असं ते सुरू करत, आणि माती म्हणताना आवाज असा खाली आणत की शेवटच्या बाकालाही ऐकू जावा. सगळ्यांत गाजली ती हवालदार विश्वनाथच्या पायाची साक्ष. विश्वनाथ कॅन्टोन्मेंटमध्ये होता, बर्फातल्या ड्यूटीत त्याच्या पायाची बोटं काळी पडून वाकडी झाली होती. त्या वर्षी श्यामकांतांनी तो पाय बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ धरला, पाणी हळूहळू सोडलं, आणि नंतर उभं राहून सांगितलं की त्या पायात मला खिळ्यांच्या खुणा दिसल्या. बायका रडल्या. पुढच्या वर्षी विश्वनाथ म्हणाला, ड्यूटी आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही ड्यूटी होती. मग तो यायचाच बंद झाला. एकदा कॅन्टच्या बाजारात समोरून आला, त्यांना पाहून त्याने नीट सलाम केला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला. फौजी लोकांचं असंच, आज इथे उद्या तिथे, असं श्यामकांतांनी कुमुदला सांगितलं होतं. कुमुद तेव्हा भाजी निवडत होती.

गुरुवारी ते कुमुदला घेऊन गेले. धौला कुआंच्या जाममध्ये टॅक्सी उभी असताना त्यांनी ठरवलं की डावा पाय पुढे करायचा. म्हातारा माणूस, चुकला म्हणतील. सकाळी कुमुदने दोन्ही पाय साबणाने धुऊन दिले होते, नियमच होता. चर्चमध्ये पंखे लांब दांड्यांवरून गरगरत होते आणि वेदीसमोर अर्ध्या गोलात खुर्च्या मांडल्या होत्या. मानाची म्हणून शेवटची खुर्ची त्यांना. बाकी सगळ्यांनी उजवा पाय उघडा करून ठेवला होता. चोळून चोळून गुलाबी केलेल्या टाचा, कापलेली नखं, एकाच्या पायाला तर पावडरचा वास येत होता. पाळकांनी शास्त्रपाठ वाचला. शिष्यांमधला एक जण नको म्हणाला होता, माझे पाय तू धुवायचे नाहीस म्हणाला होता, आणि प्रभूने त्याला सांगितलं होतं की मग तुझा माझा काही संबंध नाही. हा भाग श्यामकांतांना पाठ होता, पण आजवर तो त्यांनी टॉवेल बांधून उभ्या उभ्या ऐकलेला. त्या शिष्याला काय वाटलं असेल याचा विचार करायची वेळच आली नव्हती. नम्र होता म्हणून तो नको म्हणाला असं प्रवचनात सांगतात. श्यामकांतांना वाटलं, छे, तो नम्र वगैरे काही नव्हता. त्याला खाली बसलेल्या माणसाच्या हातात जायचं नव्हतं, एवढंच.

उल्हास एकेक पाय करत जवळ आला. टॉवेल कोरा होता, घडीच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. घंगाळ सरकवून तो त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि श्यामकांतांनी डावा पाय पुढे केला. "सर, उजवा," उल्हास हळूच म्हणाला. "डावाच राहू दे." "सर, नियम तुमचाच आहे." त्यात खोच नव्हती, हेच वाईट होतं. खोच असती तर रागावता आलं असतं. उल्हासने आपल्या हाताने त्यांचा उजवा मोजा काढला. बोटांच्या जागी ती गुळगुळीत, तांबूस कातडी दिसली आणि उल्हासचा हात क्षणभर थांबला. आता काय होणार हे त्या क्षणीच श्यामकांतांना कळलं, कारण त्याच्या जागी त्यांनीही तेच केलं असतं. उल्हासने पाणी हळूहळू सोडलं. अंगठा व्रणावरून फिरवला. मग दोन्ही तळव्यांवर तो पाय उचलला, जरुरीपेक्षा वर, पहिल्या दोन बाकांना दिसेल इतका, आणि वाकून ओठ टेकवले. मागे कुणीतरी श्वास आत ओढला. कुणीतरी रडायला लागलं. उल्हासने वर बघितलंच नाही. श्यामकांत त्याच्या विरळ झालेल्या केसांकडे, भांगातल्या घामाकडे बघत राहिले आणि त्यांना वाटलं, एकदा वर बघ रे. एकदाच बघ. मी इथे आहे, वर, पायाच्या दुसऱ्या टोकाला. हवालदार विश्वनाथलाही असंच वाटलं असणार, आणि म्हणून त्याला दर वर्षी ड्यूटी होती. शरमेने त्यांचा चेहरा तापला. त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना करायला घेतली. प्रभू, माझा गर्व मोड, मी माती आहे. शब्द छान जुळून आले. छान जुळून आले हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

साक्षीला उल्हास उभा राहिला. मी कोण, एक माती, असं त्याने सुरू केलं. माती म्हणताना आवाज खाली आणला. आज प्रभूने मला ज्यांच्या पायांशी बसवलं त्यांच्याकडूनच मी पाय धुवायला शिकलो, तो म्हणाला, आणि आज त्यांच्याच पायात मला खिळ्यांच्या खुणा दिसल्या. शब्द जसाच्या तसा. चोरला म्हणावं तर त्याने तो मनापासून उचलला होता, आणि डोळ्यांत पाणीही खरं होतं. आमेन, मंडळी म्हणाली. श्यामकांतही आमेन म्हणाले, जरा मोठ्यानेच, कुणाला काही वाटू नये म्हणून. मग बाहेर, हिंदीवाले आत शिरत असताना, पाळकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "सर, धुण्यापेक्षा धुऊन घेणं कठीण असतं. तुम्ही आज ते करून दाखवलंत. हा पाय पुढे करायला काय नम्रता लागते!" एक नर्सबाई म्हणाल्या, "आम्हाला तर माहीतच नव्हतं हो सर, एवढं सोसताय." आणि श्यामकांतांच्या छातीत, जिथे आत्तापर्यंत राख झाली होती तिथे, जुनी ओळखीची ऊब परत आली. "मी कोण हो," ते म्हणाले, "प्रभूने करून घेतलं."

परतीच्या टॅक्सीत घंगाळ त्यांच्या मांडीवर होतं. पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, कुणालाही साक्ष देता येते. त्यांनी मनात जुळवायला घेतलं. मंडळी, धुणं सोपं आहे. मी इतकी वर्षं सोपं तेच करत होतो. सुरुवात चांगली होती. यात आज्याचं ते वाक्यही आता बसलं असतं. पुढे काय, असा विचार करत त्यांनी खाली पाहिलं तर शेजारी कुमुदची पावलं होती. चपलेतून बाहेर आलेल्या टाचा, भेगांमध्ये काळं बसलेलं, अंगठ्याचं नख फुटलेलं. सकाळी त्यांचे पाय धुताना तिने स्वतःचे धुतले नव्हते. तिला कोण बसवणार होतं खुर्चीवर? ते पाय बघून त्यांना खरोखर गलबलून आलं. घरी जाऊन आपण हिचे पाय धुवायचे, असं त्यांनी ठरवलं, आणि त्याच श्वासात त्यांना कळलं की साक्षीचा शेवटही हाच. गलबलणंही खरं होतं आणि शेवटही खरा होता. कुठलं आधी आलं ते त्यांनी शोधून पाहिलं, पण सापडलं नाही. पुढे ड्रायव्हर कुणावर तरी हॉर्न वाजवत होता.

घरी पोचले तेव्हा बाल्कनीत अजून ऊन होतं. कुमुद पर्स ठेवून सरळ मोरीत गेली आणि निळा टब भरून घेऊन आली, कारण किती जणांचं पाणी त्या पायाला लागलं कुणास ठाऊक, असं तिचं म्हणणं. ते खुर्चीवर बसले नाहीत. "तू बस," ते म्हणाले, "आज मी तुझे धुतो." गुडघा वाकत नव्हता म्हणून टेबलाला धरून ते खाली बसायला लागले. कुमुद त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात भाजी शिळी निघाली तर ती जशी बघते तशी ती बघत होती.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"रविवारी सांगाल."

"नाही सांगणार."

"मग पुढच्या वर्षी सांगाल. उठा, पडाल." तिने काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि खुर्चीवर बसवलं. "माझे पाय तुमच्या साक्षीत यायला रिकामे नाहीत. पोळ्या व्हायच्यात अजून."

श्यामकांतांना राग आला. देवाच्या घरात काही उरलं नव्हतं आणि आता हे एक दारही तिने लावून घेतलं. मग तोही राग टिकेना, कारण ती खोटं काय बोलली होती? तिने त्यांच्या सगळ्या साक्षी ऐकल्या होत्या, पहिल्या बाकावर बसून, आणि एकीतही ती नव्हती. रडू आलं तर बरं होईल, असं त्यांना वाटलं, पण ते वाटणंही तोंडात वाक्य होऊनच आलं. कुमुदने पदर खोचला, त्यांच्यासमोर फरशीवर बसली आणि टबात हात घालून पाणी फार गरम नाही ना ते पाहिलं. मग मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डावा पाय पुढे केला.

"हा नाही," ती म्हणाली. "तो."